न लागणारं दार

“हात लावू नकोस,” तोआदेरदादा म्हणाले. “अजून शेकतोय.”

मी ट्रकच्या पायरीवर एक पाय ठेवून तशीच थांबले. माझ्या बाजूचं दार उघडं होतं आणि त्याच्या कडेला, खटका असतो तिथे, लोकरीचा एक राखाडी मोजा बांधला होता. मोज्यात तव्यावर भाजलेलं मीठ. सकाळचे सहा वाजले होते, डेअरीच्या भिंतीवरचा पारा उणे सत्तावीस दाखवत होता आणि दादा हातमोजे काखेत मारून त्या मोज्याकडे टक लावून बघत होते.

आमच्या दोर्नाच्या खोऱ्यात जानेवारीत, बोबोतेआझच्या सणाला थंडी कडाडतेच. त्या दिवशी पाद्री पाण्याला आशीर्वाद देतात आणि त्याच दिवशी ते पाणी सगळ्यात लवकर गोठतं. थंडीत ट्रकच्या दाराच्या खटक्याची जीभ आतल्या आत आखडते. मग दोनच तऱ्हा. एक तर दार उघडत नाही. ते परवडलं, माणूस चार शिव्या देतो आणि दुसऱ्या बाजूने चढतो. नाहीतर दार लागत नाही. कितीही आपटा, ते परत येतं. डेअरीचे बाकीचे ड्रायव्हर सरळ किटलीतलं गरम पाणी ओततात. दार लगेच सुटतं आणि दहा मिनिटांनी पहिल्यापेक्षा घट्ट बसतं. दादा म्हणायचे, गरम पाणी पाहुण्यासारखं असतं, येताना बरं वाटतं. एकतीस वर्षं त्यांनी दूध आणलं, पण खटक्याला पाण्याचा थेंब लागू दिला नाही. कोरडी ऊब द्यायची आणि वाट बघायची.

मी त्या ट्रकमध्ये त्यांच्या शेजारी चौदा वर्षं बसत होते. माझं काम दूध तपासायचं. लॅक्टोमीटर बुडवायचा, फॅट बघायचं आणि कुणी पाणी घातलं असेल तर तोंडावर सांगायचं. असलं काम करणाऱ्या बाईला मैत्रिणी कमी असतात. माझा नवरा इटलीला बांधकामावर गेला तो तिथलाच झाला, त्यामुळे घरीही बोलायला कुणी नव्हतं. दिवसभरात माझं जे काही बोलणं व्हायचं ते दादांशी. तेही फार बोलणारे नव्हते, पण ऐकायचे.

चार वर्षांपूर्वी अशाच थंडीत वर जाताना माझं दार वळणावर उघडलं. खटका लागल्यासारखा वाटला होता, पण लागला नव्हता. मी अर्धी बाहेर गेले, खाली दरी. दादांनी एका हाताने माझा कोट मागून धरला आणि दुसऱ्या हाताने ट्रक डोंगराकडच्या बर्फात घुसवला. मला आत ओढून घेतलं. मग म्हणाले, “लॅक्टोमीटर फुटला का गं?” नव्हता फुटला. त्या दिवसापासून रोज सकाळी आधी माझ्या दाराला मीठ लागतं, नंतर त्यांच्या. मला हे पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. मी कधी बोलले नाही आणि आभारही मानले नाहीत. आभार मानायचे म्हणजे ते वळण पुन्हा डोळ्यांपुढे आणायचं.

सणाच्या त्या सकाळी आमच्या दोघांच्या डोक्यात एकच गोष्ट होती, वरची वाडी. चौदा घरं, तेवीस गायी आणि सगळी म्हातारी माणसं. डिसेंबरात तिथलं दूध तीनदा उशिरा पोहोचलं. नवा मॅनेजर वाईट नव्हता, शिस्तीचा होता. त्याने स्पष्ट सांगितलं होतं की सणाला डेअरी बाराला बंद होते. वरच्या वाडीचं दूध बाराच्या आत आलं नाही तर दुसऱ्या दिवसापासून ट्रक वर जाणार नाही. ट्रक गेला नाही तर ती माणसं गायी विकणार, आणि गायी गेल्या की त्यांनी पहाटे उठायचं कशासाठी, हे मला तरी सांगता आलं नसतं.

खालच्या गावांचं दूध घेत घेत आम्ही सव्वादहाला वर पोहोचलो. सणाच्या दिवशी तिथे घरोघर फिरावं लागत नाही. सगळे दुधाचे कॅन घेऊन देवळाशी येतात, प्रार्थना संपेपर्यंत कॅन बाहेर भिंतीला ओळीने उभे असतात. माणसं बाहेर आली ती नव्या कपड्यांत. बायकांच्या कमरेला विणलेले लाल पट्टे, हातात आशीर्वादाच्या पाण्याच्या बाटल्या. सावेतामावशी सगळ्यात पुढे. त्यांची एकच गाय, जोयाना. गुरुवारी जन्मली म्हणून जोयाना.

“काय गं, काल उशीखाली सब्ज्याची काडी ठेवलीस ना?” मावशींनी सगळ्यांसमोर विचारलं. ती काडी ठेवली की स्वप्नात होणारा नवरा दिसतो, असं आमच्याकडे पोरी मानतात. माझं वय तेव्हा बावन्न.

“ठेवली,” मी म्हटलं. “मॅनेजर आला स्वप्नात. म्हणाला, बाराच्या आत या.”

माणसं हसली, पण जरा जपूनच. कॅन टाकीत रिकामे व्हायला लागले. दादा मागे गाळणीपाशी होते, मी तपासून तपासून कॅन पुढे देत होते. सगळं नीट चाललं होतं. अकराला पाच मिनिटं असताना माझं काम संपलं, आणि तेव्हा पाद्रीबाबा पितळी बादली आणि सब्ज्याची जुडी घेऊन अंगणात आले. लोकांच्या दारांवर, गोठ्यांवर, गाड्यांवर ते त्या दिवशी पाणी शिंपडतात.

मला वाटलं, चार वर्षांत या माणसाचे आभार मानले नाहीत, निदान आज देवाकडून तरी मानावेत. मी पाद्रीबाबांना ट्रकपाशी नेलं. म्हटलं, “दादांच्या बाजूला शिंपडा. भरपूर शिंपडा.” आणि आमच्यात बंद दारावर आशीर्वाद देत नाहीत, उंबऱ्याच्या आत पडावा लागतो, म्हणून मीच दार सताड उघडलं. पाद्रीबाबांचा हात सढळ. जुडी तीनदा बुडवली आणि तीनदा झटकली. सीटवर, स्टिअरिंगवर, दाराच्या कडेवर. मी भक्तिभावाने मान खाली घातली. चौदा वर्षं त्या मोज्याकडे बघत आलेली मी, पण माझ्या डोक्यात काही म्हणून आलं नाही. त्या पाण्याला मी पाणी समजतच नव्हते.

दादा आले आणि त्यांनी दार ओढलं. दार आपटलं आणि परत आलं. पुन्हा आपटलं, पुन्हा परत. त्यांनी वाकून खटक्यावर बोट फिरवलं.

“पाणी कुणी मारलं?”

“मी सांगितलं,” मी म्हणाले. “मी, दादा.”

पाद्रीबाबा बादली घेऊन तिथेच उभे. दादांनी टोपी काढली, रीतीप्रमाणे क्रॉसला ओठ लावले आणि म्हणाले, “आशीर्वाद चांगला बसलाय, पाद्रीबाबा. आता निघायचा नाही.”

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. पाद्रीबाबांनी विचारलं, कुणाकडे आलुबुखाराची दारू आहे का. सणाची प्रार्थना नुकतीच संपलेली, तरी चार खिशांतून चार बाटल्या निघाल्या, आणि त्या चौघांच्या बायकांनी चौघांकडे बघितलं. खटक्यावर दारू ओतली. वरचा बर्फ गेला, आतला तसाच. मीठ पुन्हा तापवून शेकायचं तर पाऊण तास जाणार, आणि उतरायला चाळीस मिनिटं. घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

“बांधून नेऊ,” दादा म्हणाले.

ट्रकमागचे दोर बर्फाने काठीसारखे ताठ झालेले, गाठच बसेना. तेव्हा सावेतामावशींनी कमरेचा पट्टा सोडला. त्यांच्या आईने विणलेला, लग्नातला. कुणीतरी म्हणालं, अहो मावशी, तुटेल. त्या म्हणाल्या, “तुटू दे. जोयानाच्या गळ्यात घंटा राहते की खाटकाची दोरी येते, ते आज ठरायचंय.” दादांनी पट्टा दाराच्या आतल्या मुठीतून ओवला आणि टोकं सीटच्या पायाला बांधली.

उतरताना दरी ड्रायव्हरच्या, म्हणजे आमच्याकडे डाव्या, बाजूला असते. पहिलं वळण निभावलं. दुसऱ्या वळणावर लोकर ताणली गेली आणि दार वीतभर उघडलं. खालचा ओढा दिसायला लागला, वारा आत घुसला. मी आडवी होऊन पट्टा ओढून धरला, पण तिसऱ्या वळणावर तो माझ्या हातमोज्यांतून निसटला. दादांनी ट्रक थांबवला. गाठ सोडली, डाव्या हाताचा हातमोजा दातांनी काढला आणि पट्टा उघड्या पंजाला चार वेढे घालून आवळला.

“हातमोजा घाला ना, दादा.”

“मोज्यात पकड येत नाही. तू गिअर टाक.”

मी जन्मात गाडी चालवली नव्हती. त्यांचा एक हात दाराला, एक स्टिअरिंगला; क्लच दाबला की ते आकडा सांगायचे आणि मी दांडा ओढायचे. दोन. तीन. पुन्हा दोन. एकदा मी चुकीचा टाकला तर ट्रक असा ओरडला की मी रडायलाच लागले. दादा म्हणाले, “रड, पण दोनमध्ये टाक.” मी रडत रडत दोनमध्ये टाकला.

खालचा पूल दिसला तेव्हा माझ्याच्याने राहवलं नाही. मी म्हटलं, “रोज माझं दार आधी शेकता. मला माहीत आहे. चार वर्षं माहीत आहे.”

“वर जाताना दरी तुझ्या बाजूला असते.”

“आणि उतरताना?”

“उतरताना माझ्या बाजूला. ती मी बघून घेतो. तीन टाक.”

मी तीन टाकला. आणि मग चौदा वर्षांत जे म्हणाले नव्हते ते मी म्हणाले, की दादा, तुमचे फार उपकार आहेत माझ्यावर, आणि आज मी त्याची अशी परतफेड केली. त्यांचा डावा कान पांढरा पडला होता आणि ते फक्त रस्त्याकडे बघत होते.

डेअरीच्या गेटात शिरलो तेव्हा बाराला चार कमी होते. मॅनेजर सणाच्या कपड्यांत, पॉलिश केलेल्या बुटांत, किल्ल्या हातात घेऊन उभा होता. त्याने घड्याळ बघितलं, मग ते लोंबकळणारं दार बघितलं, लाल पट्टा बघितला. मी खाली उतरून म्हटलं, वरच्या वाडीचं सगळं दूध आहे, पाणी कशात नाही. तो म्हणाला, “वेळेत आहात. फेरी चालू राहील.” एवढंच. मी ट्रकला वळसा घालून दादांना सांगायला गेले.

ते सीटवरच बसले होते. मला वाटलं, रागावले. माझं तोंडही बघायचं नसेल. बरोबरच होतं.

“अग्लाया,” ते हळूच म्हणाले. “हात सुटत नाहीये.”

पंजा पट्ट्याभोवती मिटला होता, मेणाच्या रंगाचा. मी माझे हातमोजे फेकले. आधी अंगठा सोडवला, त्यावर फुंकर घालत, मग एकेक बोट. करंगळी शेवटपर्यंत सरळ झाली नाही. पुढे फेब्रुवारीत डॉक्टरांनी तिचं टोक काढलं, आणि दादा म्हणाले की गिअर टाकायला करंगळी लागत नाही, हवं तर अग्लायाला विचारा. सावेतामावशींनी पट्टा धुऊन ईस्टरला पुन्हा कमरेला बांधला. जोयाना मे महिन्यात व्याली.

पण ते सगळं नंतरचं. त्या दुपारी डेअरीच्या अंगणात कामाला दुसरं कुणी नव्हतं, सगळे जेवायला घरी गेलेले. मॅनेजरने आमच्याकडे एकदा बघितलं, बाही वर केली आणि आपल्या पॉलिशच्या बुटांनी बर्फ तुडवत स्वतःच टाकीला नळी जोडली. मी कोटाची बटणं सोडली आणि दादांचा हात माझ्या काखेत धरला. समोरच्या रस्त्याने देवळातून परतणारी माणसं जात होती. नवऱ्याने टाकलेली बाई आणि साठीचा ड्रायव्हर, त्यांना काय दिसायचं ते दिसू दे. त्या हाताला ऊब देण्याची संधी मला मिळाली, याबद्दल मी त्या दिवशी देवाचे जेवढे आभार मानले तेवढे देवळात कधी मानले नव्हते.

दूध उतरायला बावीस मिनिटं लागतात. मी हात सोडला नाही.