आशाकडचा प्रिंटर

"टायपिंगवाल्या बाई तुमीच ना? मग सांगा, माझ्या भावाला कोनी सांगितलं?"

सुलाबाई दारातच उभी होती. चप्पल काढायचं नाव नाही, आत यायचं नाव नाही. चार दिवसांपूर्वी हीच बाई आपल्या म्हाताऱ्या आईला, गोजराबाईंना, हाताला धरून ह्याच खोलीत घेऊन आली होती, आणि जाताना मोहिनीच्या पाया पडायला वाकली होती. मोहिनी गायधनी भाजीची पिशवी हातात धरून तशीच बघत राहिली.

"काय सांगितलं?"

"मृत्युपत्राचं! दादा काल सिन्नरहून आला तो थेट सहादूतात्याच्या अंगावर गेला. म्हनला, माझ्या आईच्या कागदावर साक्षीदार व्हतो का रे! आता तात्याला काय ठाव? त्याचं नाव तर आपन वकिलाकडं बदललं. भिमाजीमामाचं टाकलं."

"मग आई कुठे आहेत?"

"आज सकाळी गाडीत घालून नेली. कुठं नेली ते सांगंना. उद्या रजिस्टर करायचं व्हतं, बाई. एक दिवस राह्यला व्हता." ती जायला वळली. "मला वाटलं व्हतं तुमी देवमानूस हाय."

ती गेली. जिना उतरताना रडत होती ते दोन मजले ऐकू येत होतं.

मखमलाबादला गोजराबाईंचा वीस गुंठ्यांचा शेवंतीचा मळा होता आणि मळ्यात दोन खोल्या. मुलगा पुंजा सिन्नरला कारखान्यात. आईची आठवण त्याला फारशी यायची नाही. मळ्याशेजारून मोठा रस्ता जाणार हे कळलं तेव्हापासून मात्र फार यायला लागली. सुलाबाईला नवऱ्याने टाकलेलं. पंधरा वर्षं तिनेच तो मळा उभा ठेवला होता. म्हणून म्हातारीने ठरवलं, मळा आणि खोल्या लेकीला. "पन बाई," ती मोहिनीला म्हणाली होती, "पुंजाच्या कानावर गेलं तर तो माझ्या लेकीला रस्त्यावर आनील. शिक्का बसंस्तोवर अक्षर काढू नका." त्यावर मोहिनी जरा हसून, जरा तोऱ्यात बोलली होती, "आजी, माझ्या भिंतीलासुद्धा कळणार नाही."

तोरा उगाच नव्हता. बावीस वर्षं कोर्टासमोरच्या पत्र्याखाली बसून तिने उभ्या नाशिकची लक्तरं टाइप केली होती. घटस्फोटाच्या नोटिसा, भावाभावांच्या वाटण्या, दत्तकाचे कागद. पण तोंड? शिवलेलं. वापरलेला कार्बन उजेडात धरला की अक्षर न् अक्षर वाचता येतं, म्हणून ती रोजचे कार्बन घरी आणून सकाळी बंबात घालायची. नवरा होता तोवर चिडवायचा, "आमच्या अंघोळीचं पाणी लोकांच्या भांडणांवर तापतं!" एक कागद बाहेर गेला म्हणून बावीस वर्षांत कुणी तिच्या दारात आलं नव्हतं. आज आलं.

गुडघ्यांनी दगा दिल्यावर तिने सिडकोतल्या घरीच कॉम्प्युटर घेतला. दोन हजार चार साल. प्रिंटर घ्यायचा म्हटलं तर वरच्या मजल्यावरची आशा पगार अंगावर आली, "वेडी आहेस का? आमच्या ह्यांचा प्रिंटर नुसता धूळ खातोय. वायर टाकून घे की!" चौदा वर्षांची मैत्रीण. दोघींची मसाल्याची भाजणीसुद्धा एकाच कढईत व्हायची. केबलवाला ललित इंटरनेटच्या लाइनीचं काम बघायचा, त्यानेच गॅलरीतून वायर ओढली, खटाखट बटणं दाबली आणि म्हणाला, "झालं काकू, शेअरिंग चालू केलंय. आता प्रिंटर दोघींचा."

गोजराबाईंचा कागद मात्र मोहिनीने त्या प्रिंटरवर काढला नव्हता. आशाचं माहेर मखमलाबादचंच, उगाच कागद नजरेला पडायला नको, म्हणून फ्लॉपीत घालून ती स्वतः वकिलाकडे गेली होती. साक्षीदाराचं नाव तिथे बदललं, तिथेच छापलं. म्हणजे सहादूचं नाव छापील कागदावर कुठे आलंच नव्हतं. ते होतं फक्त तिच्या घरच्या मशीनमधल्या पहिल्या मसुद्यात.

हे डोक्यात आलं आणि मोहिनीने हातातली भाजीची पिशवी खाली ठेवली. मग तिने ललितला फोन लावला.

"ललित, माझ्या मशीनमधलं बाहेर कुणाला दिसतं का रे?"

"दिसतं ना काकू. प्रिंटरचं शेअरिंग केलं तेव्हाच तुमच्या फायलींचा डी ड्राइव्हपण खुला केला. म्हटलं, फायली इकडून तिकडे पाठवायला बरं."

"खुला म्हणजे?"

"म्हणजे वरच्या पगारकाकूंना सगळं उघडता येतं. वाचा, बदला, पुसा, काहीही. तसं तर आपल्या लाइनीवरच्या दहा-बारा घरांनाही येतं, पण बघायला वेळ कुणाला आहे?"

"अरे मेल्या, कुलूप नाही लावायचं?"

"पासवर्ड? तुम्हीच म्हणाला होता ना, रोजची कटकट नको. आणि आपलीच तर माणसं सगळी."

मोहिनीने फोन ठेवला. खरंच म्हणाली होती ती तसं. कार्बन जाळणारी बाई, आणि घराचं दार काढून ठेवून बसली होती!

गुडघ्यावर हात ठेवत ती वर गेली. आशा लसूण सोलत होती.

"ये गं. चहा टाकू?"

"आशा, गोजराबाईंचा कागद तू वाचलास?"

आशाच्या हातातली पाकळी परातीत पडली. नाही म्हणाली असती तर मोहिनीने विश्वास ठेवला असता, इतकी तिला ठेवायची इच्छा होती. पण आशा पडलेली पाकळी परातीत शोधत राहिली.

"बोल ना!"

"भाडेकराराचा नमुना शोधत होते तुझ्यात. ह्यांना हवा होता. तिथे गावाचं नाव दिसलं."

"आणि उघडलंस."

"पुंजा माझा चुलतभाऊ आहे, मोहिनी. त्याच्या बापाची जमीन ती. परस्पर बहिणीला जाते आणि मी गप्प बसू? उद्या माहेरी कुठल्या तोंडाने जाऊ?"

"अगं, त्या बाईने पंधरा वर्षं राबून..."

"ते तुझं तू बघ. आणि मी काय कुलूप फोडलं का? उघडंच होतं की!" आशाचा आवाज चढला, आणि चढलेल्या आवाजात तिच्या तोंडून नको ते निघालं. "एवढं काय? त्या बर्व्यांच्या सुनेची नोटीस वाचली, तेव्हा मी कुणाला सांगितलं का? शेजारच्या दत्तकाचं सांगितलं का?"

मोहिनीला एकेक आठवायला लागलं. बर्व्यांच्या घरी हळदीकुंकवाला जायला आशाने दिलेला नकार. दत्तक पोराकडे बघून तिने केलेलं ते "कुणावर गेलाय गं हा?" आपण तेव्हा हसलो होतो. किती महिने ही बाई वर बसून आपल्या पोटातलं वाचत होती, आणि खाली येऊन आपल्याच हातचा चहा पीत होती! तिला संताप आला. रडूही आलं, आणि आशासमोर रडू आलं ह्याचा आणखी संताप.

"चौदा वर्षं, आशा," एवढंच ती म्हणाली.

खाली येऊन तिने वायर उपटून काढली. त्याचा आता काही उपयोग नव्हता, पण तिला ती खोलीत नको होती.

मग रिक्षा करून ती मखमलाबादला गेली. वाटेत सारखी मनाशी घोकत होती, काय सांगायचं. आशाचं नाव सांगायचं? केबलवाल्याचं? सांगितलं तर खोटं नव्हतं त्यात काही.

मळ्यात शेवंती पांढरीफेक फुलली होती. गोजराबाई परत आल्या होत्या. ओट्यावर बसून हार ओवत होत्या. सुलाबाई खोलीतली भांडी पोत्यात भरत होती. तिने मोहिनीला बघितलं आणि पाठ फिरवली.

"आजी, कुठे नेलं होतं तुम्हाला?"

"रजिस्टरला." म्हातारी मान वर न करता म्हणाली. "बक्षीसपत्र केलं पुंजानं. मळा, खोल्या, समदं त्याच्या नावानं. म्हनला, नाय केलं तर सुलीला आत्ताच्या आत्ता भाईर काढतो. केलं तर दिवाळीपातूर राहू देतो. म्हंजी हेच आठ दिस."

"मोडता येईल, आजी. जबरदस्तीने केलंय. मी वकिलांना..."

"बाई, साहेबानं इचारलं, राजीखुशीनं करती का? मी हो म्हनले." तिने दोऱ्यात एक फूल ओवलं. "तुमी कोनाला सांगितलं व्हतं का?"

मोहिनीने तोंड उघडलं. आशाचं नाव जिभेवर होतं.

"माझ्याकडूनच गेलं, आजी. माझंच चुकलं."

म्हातारीने मान हलवली. राग नाही, शिवी नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"सुले," तिने आत हाक मारली, "बाईला पानी दे. उनाची आलीय."

पोत्यात भरलेला तांब्या सुलाबाईने परत बाहेर काढला, भरला आणि मोहिनीसमोर आणून ठेवला. मोहिनी उभ्याउभ्याच प्यायली. गोजराबाई ओवत होत्या. उजव्या अंगठ्यावरची ठशाची निळी शाई अजून गेली नव्हती. ती फुलांना लागत होती. डाग पडलेलं फूल आलं की त्या थांबायच्या, ते सोडून बाजूला ठेवायच्या आणि दुसरं घ्यायच्या.