ब्राऊन ब्रेड माझ्याकडेच का करपायचा?

मित्रांनो, मी एक जुना टोस्टर आहे आणि आधीच सांगून ठेवतो, स्वभावाने मी तापट आहे. त्याला माझा इलाज नाही. तापण्यासाठीच मला बनवलं! वसईजवळ सातिवलीच्या एका कारखान्याच्या गाळ्यात माझी जुळणी झाली. पोटात तारा बसवल्या, वर दोन खाचा ठेवल्या, बाजूला कळ लावली आणि खोक्यात घालून मला बाहेर पाठवलं.

जयवंत आणि यमुना यांच्या लग्नात मी अहेर म्हणून आलो. बरीच वर्षं माळ्यावर पडून राहिलो. खोक्यातल्या त्या अंधारात मला फार वाईट वाटायचं. पुढे त्यांनी वसईला एव्हरशाईन सिटीत फ्लॅट घेतला, दोघांना सकाळी लवकर निघावं लागू लागलं, तेव्हा कुठे माझी आठवण झाली. मग मात्र माझा काय थाट! "आपला टोस्टर म्हणजे लाखात एक," असं जयवंत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. त्यांची मुलगी अनुष्का माझ्याच टोस्टवर लहानाची मोठी झाली.

एके दिवशी जयवंतांना ऑफिसात चक्कर आली. तपासणीत रक्तातली साखर भलतीच वाढलेली निघाली. डॉक्टर म्हणाले, "महिनाभर पथ्य पाळा. साखर उतरली नाही, तर इन्सुलिनचं इंजेक्शन सुरू करावं लागेल." जयवंत सुईला लहान मुलासारखे घाबरतात. त्यांनी त्याच दिवशी कडक पथ्य धरलं.

आता आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हाताने कोण जातं? ब्रेडचा पुडा हवाच! आणि जयवंतांना साखर, म्हणून जो येई तो ब्राऊन ब्रेड घेऊन येई. "पांढरा नको बाबा, ब्राऊन चांगला," असं वर सांगायचेही. फ्रिज ब्राऊन ब्रेडने भरून गेला. कोकणातल्या घरापासून चालत आलेली नाचणीची भाकरी जयवंतांनी बंद केली आणि सकाळ-संध्याकाळ माझ्याकडचे टोस्ट सुरू केले.

आणि इथेच माझं नशीब फिरलं. तो ब्रेड खाचेत पडला रे पडला की करपायचा. मी आच तीच देत होतो, वेळही तीच. तरी कडा काळ्या! घरभर साखर जळल्यासारखा वास. यमुना वैतागून म्हणाली, "गेला कामातून हा. रविवारी भंगारवाल्याला देऊन टाकते." इतकी वर्षं राबून हे बक्षीस! मला संताप आला, पण तोंड कुठे होतं बोलायला?

मधल्या तपासणीत साखर उतरायच्या ऐवजी आणखी चढलेली निघाली. त्या संध्याकाळी घरात मोठा तमाशा झाला.

"स्टेशनवर काय खाता? खरं सांगा," यमुना म्हणाली.

"अगं, देवाशपथ काही नाही! वडापावकडे बघतसुद्धा नाही."

"मग साखर काय हवेतून वाढते?"

जयवंतांचे डोळे भरून आले. "मी एवढं मन मारून पथ्य पाळतोय आणि तुझा माझ्यावर विश्वास नाही?" ते न जेवता उठले. ते खरं बोलत होते, हे मला माहीत होतं. रोज त्यांचा ब्रेड मीच तर भाजत होतो.

शनिवारी तळमजल्यावरच्या फेलिशिया टीचर भेटायला आल्या. त्या मूळच्या आगाशीकडच्या. दर शनिवारी कणकेचा ब्रेड घरी भाजतात. तोच फडक्यात गुंडाळून आणला होता. वेडावाकडा, जाड सालीचा. उघडलेल्या पुड्यात एकच स्लाइस उरली होती, म्हणून यमुनाने एका खाचेत ती घातली आणि दुसऱ्या खाचेत टीचरच्या ब्रेडचा काप. मी मनाशी म्हटलं, आता होऊन जाऊ दे! दोघांना सारखी आच दिली.

टोस्ट वर आले. पुड्यातली स्लाइस काळी पडलेली. टीचरचा काप छान बदामी.

"बघा, हा टोस्टर बिघडलाय," यमुना म्हणाली.

"बिघडलाय कसा? माझा बरा भाजला की त्याने!" टीचर हसल्या. "पिठात साखर घातली की ब्रेड लवकर करपतो. अनुष्का, पुडा उलटा करून वाच गं. जे सगळ्यात जास्त, ते पहिलं लिहितात."

अनुष्का बारीक अक्षरं वाचू लागली. "मैदा. मग साखर. पाम तेल. मग गव्हाचं पीठ, अगदी थोडं. मीठ. बुरशी येऊ नये म्हणून घातलेलं काहीतरी. आणि कॅरमल रंग."

"मैदा?" जयवंत उठून बसले. "अगं, पण तो ब्राऊन आहे!"

"रंग लावलाय, बाबा."

जयवंतांनी पुडा तिच्या हातातून ओढून घेतला. "म्हणजे मी पथ्य म्हणून मैदा आणि साखर खात होतो?"

यमुनाने त्यांचा हात धरला. "मी उगाच तुमच्यावर आळ घेतला हो." आणि तिने डोळ्यांना पदर लावला.

"रडायचं नाही," जयवंत ठामपणे म्हणाले. "आजपासून भाकरी. सगळं डॉक्टरांना सांगू. सुई मी टाळणार म्हणजे टाळणार!"

"आणि माझा ब्रेडसुद्धा एकच काप हं, जयवंतभाऊ," टीचरनी दटावलं.

जयवंतांनी शब्द पाळला. पुढच्या तपासणीत साखर उतरली आणि इंजेक्शनची वेळ आली नाही. मला भंगारात कोणी दिलं नाही. आता आठवड्यातून एकदाच तापतो, पण मान राखून.

परवा शेजारचे एरॉल तापाने पडले. त्यांना भेटायला जयवंत निघाले आणि सवयीने दुकानातून ब्रेडचा पुडा घेऊन आले. आमच्या दारातच थबकले, पुडा उलटा केला, चष्मा लावून वाचला आणि आल्या पावली परत करायला गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात शहाळं होतं.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूवर राग काढण्याआधी जरा थांबत जा. मी भाजू शकतो, करपवून इशाराही देऊ शकतो. पण मला वाचता येत नाही. ते तुम्हाला येतं ना?