उलटा स्लॅश

सुरजचं नाव काढलं की अजूनही माझं डोकं सणकतं. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं कुठं जास्त बोललो तर समजून घ्या.

माजलगावजवळच्या एका साखर कारखान्यात कॉम्प्युटर ऑपरेटरची एकच पोस्ट निघाली होती. आम्ही दोघांनीही अर्ज केला. दोघं वडवणीचे, पहिलीपासून एका बाकावरचे. माझा मोबाइल दुरुस्तीला टाकलेला, म्हणून माझ्या अर्जावरही मी सुरजचाच नंबर दिला. त्याचा नंबर काय नि माझा काय! आई म्हणायची, "दोघांचा एकच जीव हाय." आईचंही चुकलंच.

परीक्षा प्रॅक्टिकलची होती. माऊसला हात न लावता, काळ्या स्क्रीनवर कमांड टाइप करून उसाच्या वजनाच्या फाइली एका फोल्डरातून दुसऱ्यात न्यायच्या. त्यासाठी फाइलचा अख्खा पत्ता लिहावा लागतो. आधी ड्राइव्ह, मग फोल्डर, मग त्याच्या आतला फोल्डर, आणि प्रत्येकाच्या मधे एक उलटा स्लॅश, म्हणजे डावीकडं झुकलेली तिरपी रेघ. महिनाभर मी घरच्या जुन्या विंडोजवर हेच घोटलं. डोळे मिटले तरी बोट बरोबर त्या बटणावर पडायचं. आदल्या संध्याकाळी सुरज शेजारी बसून बघत होता. "लई भारी बे," म्हणाला. आईनं केलेले पोहे खाल्ले नि गेला.

सकाळी एस.टी.ला ही गर्दी. मी खिडकीतून टॉवेल टाकून दोघांसाठी सीट धरली. सुरज वाटेत झोपला. रात्री जागून सराव केला असेल, असं मला वाटलं. केलाच होता त्यानं.

परीक्षेत मी पहिली कमांड टाकली. असा फोल्डरच नाही, असं उत्तर आलं. वर माझाच पत्ता मला परत दाखवला, पण मधले सगळे स्लॅश गिळून, शब्द एकमेकांना चिकटवून. पुन्हा टाकली, पुन्हा तेच. मला वाटलं, बटण बिघडलंय. मी चक्क कीबोर्ड बदलून मागितला! नव्या कीबोर्डवरही तेच.

परीक्षा घेणाऱ्या उज्ज्वला मॅडम जवळ आल्या. "अहो, हे विंडोज नाही, लिनक्स आहे. इथं स्लॅश सुलटा लागतो आणि ड्राइव्हचं अक्षरही नसतं. परवाच सगळ्यांच्या नंबरवर मेसेज केला होता. तुम्हाला नाही आला?"

मी सुरजकडं बघितलं. तो पुढच्याच रांगेत होता. त्याची करंगळी दर शब्दानंतर खालच्या, सुलट्या स्लॅशच्या बटणावर अलगद पडत होती. मागं काय चाललंय ते त्याला ऐकू येत होतं, पण त्यानं मान वळवली नाही. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

उरलेल्या वेळात मी धडपडलो, पण सवयीची बोटं पुन्हा पुन्हा जुन्याच बटणावर जात होती. अर्ध्या फाइली राहून गेल्या. दुपारी निकाल सांगितला. सुरज लागला.

परतीच्या गाडीत मी चढलो तर त्यानं शेजारच्या सीटवर रुमाल टाकून ठेवलेला. "ये बे, बस."

"मेसेज आलता का?" मी उभ्यानंच विचारलं.

"आलता."

"मग सांगितलं कावून न्हाई?"

"सांगितलं असतं तर तूच लागला असतास, शहादेव. तुझी बोटं माझ्यापेक्षा लई चालतात. मला म्हाईत हाय की."

विसरलो म्हणाला असता, तरी मी जन्मभर खरं मानलं असतं. तेवढंही त्यानं माझ्यासाठी केलं नाही.

मागं एक म्हातारी डोक्यावरचं गाठोडं सावरत उभी होती. मी सीटवरचा रुमाल उचलला, सुरजच्या मांडीवर ठेवला आणि म्हणालो, "मावशी, बसा हितं. इथं कुणी न्हाई."

वडवणीपर्यंत मी उभाच आलो.