आतली कडी

चावीला वाळू लागली होती. पुसली तरी पुन्हा लागत होती, ओल्या तळव्यात, बोटांच्या बेचक्यात, चावीच्या दातांमध्ये… बारीक, चकाकणारी, परक्या मुलखातली वाळू. लुबना ती चावी ओढणीच्या टोकानं परत परत पुसत होती, जणू लातूरच्या त्या जिन्याच्या कुलपात हा समुद्र जाऊन बसला तर ते कधीच उघडणार नाही.

"बहू, वो ऊपरकी बच्ची अंदर से कडी लगा को सो रही. पूछ को तो देख."

सासरे पाशामियाँ असं म्हणाले तेव्हा ती चहा गाळत होती. भूकंप झाल्यापासून हा माणूस उन्हाळा-हिवाळा अंगणातल्या बाजेवर झोपत आलेला, त्यामुळे घरात कुठं काय वाजलं ते सगळ्यांच्या आधी त्याला कळायचं. "अब्बा, इम्तिहान है उसका," ती म्हणाली होती. हसलीसुद्धा होती. पोरगी दार लावून अभ्यास करते, बरंच आहे की. मग अब्बा उदगीरला लेकीकडे गेले, चहाचा चोथा गुलाबाच्या कुंडीत गेला, आणि ते वाक्य… ते वाक्य रात्रभर बसमधून तिच्याबरोबर आलं होतं बहुतेक, आणि तिच्याआधी उतरून इथं वाळूत तिची वाट बघत बसलं होतं.

कारण आमच्याकडे आतून कडी लावून कुणी झोपत नाही. बाहेरच्यांना हे सांगूनही पटत नाही. दार नुसतं लोटायचं, फार तर एक पाट टेकवायचा. ती लग्न होऊन या घरात आली त्या रात्रीही नणंदेनं खोलीबाहेर पाट आणून ठेवला होता आणि ओढणीत तोंड लपवून हसली होती, "कडी नको हं भाभी, पाटच बस्स है." लाजेनं तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, पण कडीला तिनं हात लावला नव्हता. सगळ्या घरांतून कड्या आहेत, त्या दिवसा, घराबाहेर पडताना लावायच्या. रात्री आतून लावायची ती कडी गेल्या अकरा वर्षांत आमच्यातल्या शहाण्या माणसानं लावलेली नाही. आणि वरच्या खोलीतली ऋतुजा तर चाकूरची, याच भागातली. तिला हे माहीत नसेल होय?

"ओ पिवळ्या टोप्या! दोरीच्या अलीकडं! समुद्र कुटं पळून न्हाई चालला!"

नरसिंग. सहल कंपनीचा गाइड. गळ्यात शिट्टी, हातात भोंगा. पहाटे बस थांबल्यापासून त्यानं कुणाला मोकळा श्वास घेऊ दिला नव्हता. आधी समुद्र, मग जेवण, जेवणानंतर समुद्र नाही, मग मंदिर, मग परत लातूर. किनाऱ्यावर त्यानं दोन बांबू रोवून दोरी बांधली होती आणि क्लासची पोरं त्या दोरीला हात लावून, ओळीनं, घोट्यापर्यंतच्या पाण्यात उभी होती. आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघणारी पोरं. एकानंही उडी मारली नव्हती. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून क्लासचे मालक माणिकप्पा सर त्यांच्यासमोर उभे होते, पाठ समुद्राकडे, तोंड पोरांकडे.

"भरती-ओहोटी कशामुळे? बोला! सीईटीला हमखास येतं हे. तू सांग."

त्या मुलानं बरोबर सांगितलं. मग सगळ्यांना गुणांच्या क्रमानं उभं करून फोटो झाला. पहिला मध्यभागी, दुसरा-तिसरा दोन्ही हातांना. हाच फोटो पुढच्या महिन्यात चौकातल्या फलकावर लागणार… 'आमची पहिली तुकडी, सागरकिनारी'. लातूरला आता झाडांपेक्षा फलक जास्त, आणि फलकावर देवांपेक्षा पोरांचे चेहरे जास्त. यांना शिणवटा घालवायला म्हणून आणलं ना इथं? मग घालवू द्या की! लोळू द्या, ओरडू द्या, नाकातोंडात पाणी जाऊ द्या! माझ्या घरात वर राहते ती पोरगी सहा महिने फक्त या समुद्राचं बोलत होती. "भाभी, खारं म्हणजे किती खारं असतं? आपल्या बोअरच्या पाण्यापेक्षा?" आणि परवा सोमवारी चाचणीचा निकाल लागला, तुकड्या फिरल्या, ऋतुजा पहिलीतून तिसरीत गेली, आणि तिची बसमधली जागा…

"अम्मी, इतकं पाणी कुणाचं आहे?"

तूबा. पाच वर्षांची. डोक्यावर पिवळी टोपी, कानांवर घसरणारी, समोर दोऱ्यानं भरलेलं नाव: ऋतुजा.

टोप्या आधीच शिवून आल्या होत्या, नावांसकट. जागा रिकामी झाली तशी सर म्हणाले, कलीम सर, तुमच्या मुलीला घ्या की, स्टाफचंच लेकरू आहे. कलीमनं ती टोपी संध्याकाळी घरी आणली, वाया कशाला घालवायची म्हणून. नवरा क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवणारा माणूस, काही वाया घालवत नाही. तूबानं ती घातली आणि नाचत जिन्यावर गेली दाखवायला. ऋतुजा वरच्या पायरीवर बसली होती. लुबनाला वाटलं आता रडेल ही. पण ती हसली, तूबाला मांडीवर घेतलं, टोपी मागून चिमटीत धरून दुमडली आणि आपल्या ओढणीची पिन काढून तिथं लावली. "आता नाही पडायची." तीच पिन. आत्ता उन्हात चमकतेय.

"पाणी कुणाचंच नाही, बेटा."

"मग लोक नेत का नाहीत?"

लातूरच्या लेकरानं दुसरं काय विचारावं.

शिट्टी झाली. नरसिंग टोप्या मोजत होता, नावं वाचत, पाठीवर थाप मारत. "दयानंद, हाय. अकरम, हाय. ऋतुजा…" त्यानं वाकून तूबाच्या कपाळावरचं नाव वाचलं, "ऋतुजाताई हायत का?"

"हजर!" तूबा ओरडली. सगळे हसले. माणिकप्पा सरसुद्धा हसले. कलीम हसला. नरसिंगनं भोंग्यातून सगळ्या किनाऱ्याला सांगितलं, "सगळे हजर! कोणी मागं ऱ्हायलं न्हाई!"

लुबना हसली नाही. तिनं तूबाचं मनगट धरलं, जरा जोरातच, आणि तिला घेऊन दोरीच्या दुसऱ्या टोकाला गेली. लाट आली, पायांवरून गेली, परत फिरली, आणि परत फिरताना तिच्या तळव्यांखालची जमीन ओढून घेऊन गेली. टाचा खाली गेल्या… जमीन गेली, जमीन गेली… ती तूबाला छातीशी धरून किंचाळणारच होती. सगळे लोक याच गोष्टीला मजा म्हणत होते. आजूबाजूला पोरी खिदळत होत्या, "अय्या, पायाखालून जातंय बघ!" हो. जातं. मला माहीत आहे कसं जातं.

भूकंपाच्या त्या रात्री ती सतराची होती, औशाकडे मामांच्या गावी गेलेली. गावात गणपती बुडवून लोक दमून झोपले होते. ती आणि मामी ओसरीत होत्या म्हणून वाचल्या. आतल्या खोलीत मामेबहीण होती, तिच्याच वयाची, दहावी पास झालेली, अंधाराला भिणारी, म्हणून कडी लावून झोपलेली. भिंत पडली नव्हती त्या खोलीची. नुसती चौकट तिरकी झाली होती आणि कडी कोंड्यात अडकली होती. मग वरचं मातीचं माळवद खाली आलं. सकाळी लोकांनी माती उपसली तेव्हा तिचा हात कडीवर होता. सगळे म्हणत होते, कडी नसती तर… अजूनही म्हणतात. म्हणून पाट. म्हणून अंगणातली बाज.

आणि त्याच मी, त्याच लुबनानं, काल संध्याकाळी वरच्या जिन्याच्या जाळीच्या दाराला बाहेरून कुलूप लावलं. क्लासचा नियम होता तो. घरमालक गावाला जात असतील तर मुलींच्या खोलीला बाहेरून कुलूप, चावी घरमालकाकडे. पालकांनाही हेच हवं असतं. तिचे वडील शेषेराव तर हात जोडून म्हणाले होते, "पोरगी तुमच्या वटीत घातली, ताई. कुलपात ठिवा." ती कुलूप लावायला गेली, हात अडखळला, तर ऋतुजाच जाळीतून म्हणाली, "लावा ना भाभी. मला कुठे जायचंय?"

किती सहज म्हणाली. मी ते सहज ऐकलं.

बाहेरून माझं कुलूप. आतून तिची कडी.

"कलीम." तो सरांच्या मागे उभा राहून शहाळं पीत होता. तिनं त्याला बाजूला घेतलं. "फोन करायचाय घरी. केवळाबाईंना."

"काइकू? डबा दे रहे ना वो?"

"अब्बा म्हणाले होते, ती कडी लावून झोपते."

त्याला कळलं होतं. तो याच मातीतला होता, त्याला न कळून कसं चालेल? पण त्यानं आधी मागे वळून सरांकडे बघितलं, आणि ते तिनं बघितलं. "तीन नंबरच्या तुकडीत गेली की सगळी पोरं अशीच चार दिवस तोंड पाडून बसतात. होतं ठीक. उगा तमाशा नको, लुबना. क्लासचं नाव…"

"क्लासचं नाव तुमच्या लेकीच्या डोक्यावर आहे का? वाचा, कुणाचं नाव आहे ते!"

सर वळून बघायला लागले. कलीमचा चेहरा पडला. ती तूबाला कडेवर घेऊन चालायला लागली होती.

शहाळ्यांच्या टपरीला रुपया टाकून बोलायच्या फोनचा लाल डबा टांगलेला होता. लातुरात केवळाबाईचं घर लुबनाच्या घराच्या भिंतीला भिंत लागून. मुलगा-सून शेतावर, घरी म्हातारी एकटी. फोन बराच वेळ वाजला.

"हाव, कोन?"

"लुबना बोलतेय, मावशी. ऋतुजा ठीक आहे ना?"

"आगं समिंदर बगितलास का गं? लई मोठा हाय म्हनत्यात…"

"मावशी, ऋतुजा! डबा दिलात ना?"

"दिला की. जाळीतनं हात घालून पायरीवर ठिवला रातच्याला. पन त्यो तसाच हाय गं. सकाळचा त्याच्याच शेजारी ठिवून आले. म्हनलं आब्यास करून राहिली आसंल. दिवा बी जळून राहिलाय वरी, दिवसाढवळ्या."

"हाक मारलीत?"

"मारली. दोनदा मारली. वय झालं माजं, आवाज जात न्हाई वर. निजली आसंल…"

"मावशी, कुलूप तोडा. कुणाला तरी बोलवा आणि कुलूप तोडा. मी सांगतेय, माझ्या घराचं कुलूप आहे. वर जा आणि आतली कडी…"

"आगं बया, परक्याच्या पोरीच्या खोलीचं कुलूप मी कशी तोडू? उद्या तिचा बाप मला इचारंल, क्लासवाले इचारतील. चावी कुटं हाय?"

चावी माझ्या हातात आहे, मावशी. वाळूनं भरलेली. दुसरी तूबानं मागेच हौदात टाकली… तिनं बोलायला तोंड उघडलं आणि डब्यातून टूं आवाज आला. तिनं पर्स उलटी केली. एक रुपया नव्हता. टपरीवाल्याकडे सुटे नव्हते. दूर किनाऱ्यावर नरसिंगची शिट्टी झाली, जेवणाची, आणि पिवळ्या टोप्या दोरी सोडून ओळीनं वर यायला लागल्या. सगळ्यात मागे कलीम, एक हात कपाळावर आडवा धरून तिला शोधत.

निजली असेल. निजलीच असेल. रात्रभर रडून दमली असेल आणि आता झोप लागली असेल, संध्याकाळी उठेल, डब्याला मुंग्या लागल्या म्हणून चिडेल, उद्या मी कुलूप काढलं की विचारेल, खारं किती खारं होतं, भाभी… हे सगळं खरं असू शकतं. जगातला प्रत्येक शहाणा माणूस आत्ता मला हेच सांगेल. पण मला आता शहाणं माणूस नको आहे. मी स्वतः शहाणी होते, चहा गाळत होते, हसले होते. कडेवरचं लेकरू जड झालं होतं. त्याच्या टोपीची पिन तिच्या गळ्याला टोचत होती. ती टोचू दे म्हणून तिनं मान हलवली नाही. पायाखाली आता पक्की जमीन होती, टपरीचा ओटा, तरीही ती जात होती… सारखी जात होती, बारीक बारीक, तळव्याखालून.

कलीम सुटे पैसे घेऊन येईल किंवा येणार नाही. सर काय म्हणतील ते म्हणोत. पण बस रात्रभर चालणार आहे, आणि मी बसमध्ये असेन, आणि चावी माझ्या मुठीत असेल.

म्हणून तुम्हाला सांगते, तुम्ही लातुरात असाल तर. पाण्याच्या टाकीमागची गल्ली, हिरव्या गिलाव्याचं घर, अंगणात एक रिकामी बाज, बाजूनं लोखंडी जिना. पायरीवर दोन डबे दिसतील. आधी खालून हाक मारा. ऋतुजा म्हणून मारा, मोठ्यानं. ओ दिली तर सांगा, भाभीनं विचारलंय, बरी आहेस ना? आणि ओ आली नाही तर निजली असेल असं म्हणून परत फिरू नका. दगड घ्या. कुलूप माझं आहे, मी सांगितलंय म्हणा. वर जा. आणि दाराशी उभं राहून तिला एवढंच म्हणा, की अगं, कडी काढ. आपल्याकडे लावत नाहीत.