गच्चीचा उतार

प्लंबर जिन्याकडच्या कोपऱ्यात खडूने फुली मारत होता. तिथून पाईप खाली जाणार, गच्चीवरचं पावसाचं पाणी इमारतीच्या टाकीत पडणार, तिथून पंपाने घरोघरी चढणार, आणि नगरपालिकेचं पाणी आलं नाही तरी आमच्या हिला खालून तीन मजले बादल्या चढवाव्या लागणार नाहीत. तिच्या गुडघ्यांनी केव्हाच हात टेकले होते.

मी मात्र अस्वस्थ होतो. गच्चीवर नव्या फरश्या बसल्यापासून मी रोज सकाळी तिथे वाचत बसतो. पाऊस झाला की पाणी धावतं ते पलीकडच्या कोपऱ्याकडे. फुलीजवळ नुसती ओल. हे सांगायला मी दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा खोकलो.

"काका, काही म्हणायचंय का?" प्लंबरने विचारलं.

"चुकत असेन मी. पण पाणी इकडे येत नाही. नवा उतार तिकडे आहे."

"पुस्तकात वाचलंत वाटतं!" इमारतीचे अध्यक्ष म्हणाले. गच्चीवर जमलेले सगळे शेजारी हसले.

"ओतून बघू की," प्लंबर म्हणाला. "एक बादली आणा कोणीतरी."

एरवी सल्ला द्यायला सगळे पुढे. बादलीचं नाव निघताच एकेकाला घरची कामं आठवली.

मी खाली घरी गेलो. एकच बादली भरलेली होती, माझ्या आंघोळीची.

"न्या," ही म्हणाली. "पण दोन दिवस माझ्याजवळ बसायचं नाही."

"आणि मी चुकलो तर?"

"तर चार दिवस."

गच्चीच्या मधोमध मी बादली उपडी केली. पाणी जागच्या जागी पसरलं. एक ओघळ फुलीकडे निघाला. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मग तो ओघळ थबकला, आणि बाकीचं सगळं पाणी पलीकडच्या कोपऱ्यात धावत गेलं. तिथे पाणी बाहेर टाकणारी एक जुनी नळी आहे, तिचं तोंड आमच्या गॅलरीवर उघडतं. पाणी त्या नळीत शिरलं.

प्लंबरने चपलेने फुली पुसली. "काका, पाईप तुमच्या कोपऱ्यातून. उद्याच बसवतो."

"खात्रीसाठी आणखी एक बादली ओतायची का?" अध्यक्षांनी विचारलं.

"ओतू या," मी म्हणालो. "तुमच्याकडची आणा."

माझाच आवाज मला ओळखू आला नाही. तेवढ्यात खालून हिची हाक आली, "अहो, आलं पाणी!"

मी कठड्यावरून वाकून पाहिलं. नळीच्या बरोबर खाली आमचा कपड्यांचा टब होता. मी बादली घेऊन जिना चढत होतो, तेव्हाच तिने तो तिथे आणून ठेवला असणार.