रेनकोटांमागचा कोट

हिवाळी कपड्यांच्या सेलचा आज शेवटचा दिवस. दुकानातली विक्रेती सकाळपासून जीव मुठीत धरून होती. तिच्या आईने जन्मभर दुसऱ्यांचे उतरलेले कपडे घातले, आणि या वर्षी तिला नवाकोरा गरम कोट घेऊन द्यायचाच असा लेकीने चंगच बांधला होता. पण नोकरांनी खरेदी करायची ती दुकान बंद झाल्यावर, उरलंसुरलं असेल त्यातून. म्हणून तिने गिऱ्हाइकांचीच युक्ती केली.

ही युक्ती सगळ्यांना ठाऊक होती. आवडलेली वस्तू भाव उतरेपर्यंत भलत्याच कपड्यांमागे दडवून ठेवायची. अशा वस्तू शोधून परत ढिगात टाकणं हे विक्रेतीचं रोजचंच काम. आजही रेनकोटांमागे एक छोटा पिवळा स्वेटर सापडला. तो तिने ढिगात टाकला आणि रिकाम्या जागी आईचा कोट अडकवला. त्यात तिला काही वावगं वाटलं नाही.

दार उघडलं आणि लोंढा आत घुसला. एरवी पायावर पाय पडला तरी दहादा माफी मागणाऱ्या बायका एकाच शालीची दोन टोकं धरून ओढत होत्या. टाय लावलेले एक आजोबा मोज्यांच्या ढिगात कोपरापर्यंत बुडाले होते. दरवर्षी बघूनही ती तोंडात बोट घालायची. एवढं बळ या लोकांच्या अंगात कुठून येतं, कोण जाणे.

तेवढ्यात चष्मा लावलेली एक जाडजूड बाई इकडेतिकडे न बघता थेट रेनकोटांपाशी गेली. विक्रेती हातातलं काम टाकून तिच्यामागे गेली. बाईने कोट काढला, अस्तर चाचपलं, आरशासमोर अंगात घातला. मापाने शिवल्यासारखा बसला. गेला आईचा कोट, विक्रेती मनात म्हणाली. पण बाईने तो उतरवला, बटणं लावली आणि होता तिथेच परत अडकवला.

"घेत नाही का?" विक्रेतीला राहवेना.

"कुणीतरी दडवलाय हो. हातातलं ओढून घेईन मी, पण दडवलेलं कसं घ्यायचं? इथे माझा पिवळा स्वेटर होता, नातीसाठी ठेवलेला. गेला वाटतं. असो."

ते 'असो' ऐकून विक्रेतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती तशीच गर्दीत घुसली. बिलाच्या रांगेत एका उंच बाईच्या काखेत तिला तो स्वेटर दिसला.

"ताई, हा कुणीतरी दडवून ठेवलेला होता. मीच तो काढून ढिगात टाकला. चूक माझी."

उंच बाईने तिला आपादमस्तक न्याहाळलं. तिचा नंबर जवळ आला होता.

"कुठे दडवलेला?"

"रेनकोटांमागे."

"मग घ्या की," बाई म्हणाली. स्वेटर तिच्या हातात देऊन ती रांग सोडून पुन्हा ढिगाकडे वळली.

विक्रेती थक्क झाली. या ओढाताण करणाऱ्या लोकांपुढे हात जोडावेत असं तिला वाटलं. स्वेटर घेऊन ती परतली, तर चष्मेवाली बाई अजून तिथेच, रेनकोटांना पाठ लावून उभी. कोपऱ्यात शिरू पाहणाऱ्या एका मुलीला ती सांगत होती, "इकडे काही नाही गं, नुसते रेनकोट आहेत."