परातीवरचं चांदणं

पंचायतीच्या भिंतीवर तो कागद चिकटवला, त्याला तीन दिवस झाले होते. गावानं जाता-येता वरचे 'सौर दिवा' हे दोन मोठे शब्द वाचले आणि पुढची वाट धरली. सहादूनं मात्र तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत वाचला. त्याला दोन सकाळी लागल्या. साठी उलटल्यावर साक्षरतेच्या वर्गात तो अक्षरं शिकला होता. अर्धं वाचून उरलेलं अंदाजानं ओळखायची सवय त्याला लागलीच नव्हती. बोट ठेवायचं, अक्षर लावायचं, मग पुढं सरकायचं.

गावातल्या रस्त्यावरचे दिवे संक्रांतीच्या आधीच गेले होते. पंचायतीचं बिल थकलं, वीज मंडळाची माणसं आली आणि तार सोडवून गेली. त्याच थंडीत, अंधारात, सहादूची बायको चांगुणाबाई पहाटे हापशाच्या दगडांवर घसरली. मनगट मोडलं. पुढं ते जुळलं, पण वाकडं जुळलं. तेव्हापासून दुसऱ्या बाजूच्या कमरेवर हंडा घेऊन आली की ती एवढंच म्हणायची, "हापशाला एक दिवा पायजे हुता बगा."

म्हणून सरकारी योजनेतून एक सौर दिवा मंजूर झाला, तेव्हा तिचा चेहराच बदलला. दिवा एक आणि मागणारे दोन. वरची आळी म्हणाली, मारुतीपुढं बसवा. बौद्धवस्ती म्हणाली, विहारापुढं. ग्रामसभा दोन तास भांडली. शेवटी सरपंच काकासाहेबांनी मधली जागा काढली. दोन्हीच्या मध्ये मोठी चिंच होती, तिच्या उत्तरेला हापसा. हापशाला लागूनच चुन्यानं खुणेचा चौकोन आखला. बुद्धपौर्णिमा झाली की दुसऱ्या दिवशी खड्डा घ्यायचा ठरलं. सगळे खूश झाले. तंट्यातून निघालेली जागा, ती कोण पुन्हा उकरून काढणार?

पण कागदातला पाचवा नियम सहादूच्या बोटाखाली आला आणि तिथंच थांबला. 'सकाळी नऊ ते दुपारी चार या वेळेत प्लेटवर कोणतीही सावली पडता कामा नये.' त्याच्याखाली नववा नियम होता. 'दिवा सलग महिनाभर बंद राहिल्यास संच काढून दुसऱ्या गावास देण्यात येईल.'

सहादूनं मान वळवून चिंचेकडं पाहिलं. वैशाखाची दुपार. सूर्य डोक्यावर, सावली बुंध्याशी मुटकुळं करून बसलेली. चुन्याचा चौकोन उन्हात पांढराफेक तळपत होता. पण पौषात?

जन्मभर त्यानं विहिरी खोदल्या होत्या. घड्याळ कुणाकडं होतं! पहार जमिनीत उभी रोवायची आणि तिच्या सावलीवर जेवणाची सुट्टी धरायची. पौषात भर दुपारीसुद्धा पहारेची सावली उत्तरेला लांब पडायची. वैशाखात ती पहारेच्या बुडातच शिरायची. तेव्हा थंडीत चिंचेची सावली हापशावरून पार पुढं जाणार, हे त्याला लख्ख दिसलं. दक्षिणेला, म्हणजे वस्तीच्या बाजूला, ओढ्याचा उतार. तिथं खांब धरायचा नाही. पूर्व-पश्चिमेला सकाळ-दुपारची तिरपी सावली. राहिली उत्तर. वीस पावलं वर, वरच्या आळीकडं. हापशापासून लांब.

जेवताना त्यानं चांगुणाबाईला सांगितलं. तिनं भाकरी थापता थापता हात थांबवला.

"म्हंजे मनगट मोडलं माजं, आन् दिवा नेऊन द्या वरच्या आळीला?"

"आगं, हापशाला बसवला तर पौषात इजंल. मग गाडीत घालून घिऊन जात्याल."

"पौष लई लांब हाय."

"तू पडलीस तवा पौषच हुता, चांगुणे."

भाकरी तव्यावर जरा जोरात पडली.

दुसऱ्या दिवशी सहादू पंचायतीत गेला. काकासाहेब आणि ग्रामसेवक गहिनीनाथ भाऊसाहेब चहा पीत बसले होते. सहादूनं सगळं सांगितलं. भाऊसाहेबांनी खिडकीतून चिंच बघितली आणि हसले.

"सहादूबा, सावली बुंध्याच्या बाहेर यायला तयार नाही, आणि तुम्ही म्हणता खड्ड्यावर येणार. पौषातली सावली मी आता कुठून आणू?"

"म्या आनतो," सहादू म्हणाला. "उद्या पुनव हाय. रातच्याला नवाला चिंचंखाली या."

"आता चांदण्यावर चालवायचा का दिवा?" काकासाहेब म्हणाले. "मग प्लेटीऐवजी चांदणं गाळायला चाळणच बसवू की!"

"हसा सरपंच. पर या. वैशाखातला पुनवेचा चांद पौषातल्या सूर्याच्या वाटंनं चालतो. म्या उन्हाळ्यात चांदण्यात लई इहिरी खांदल्यात. पहारंची सावली तीच. रातचं धा म्हंजे पौषातलं सकाळचं धा."

भाऊसाहेबांनी कप खाली ठेवला. हसणं थांबलं होतं, पण पटलंही नव्हतं.

बुद्धपौर्णिमेला विहारात वंदना झाली, खीर वाटून झाली. रस्त्यावर एकही दिवा नव्हता, त्यामुळं चांदणं अगदी स्वच्छ पडलं होतं. वस्तीतली माणसं खिरीच्या वाट्या घेऊनच चिंचेकडं आली. वरच्या आळीतले पाचसात जण काकासाहेबांबरोबर आले, थोडे गंमत बघायला.

सहादूनं घरातली पितळी परात चिंचेनं घासून आणली होती. खांबाच्या उंचीच्या बांबूला ती वर बांधली आणि चुन्याच्या चौकोनात बांबू उभा धरला. परात वर लखलखली.

"हे काय, चमकतीय की!" मागून कुणीतरी म्हणालं. "सहादूबा, सावली वाटंत चुकली वाटतं!"

लोक हसले. चांगुणाबाई पदराशी चाळा करत बाजूला उभी होती. हसली नाही.

"नवच वाजल्यात," सहादू म्हणाला. "दम धरा."

चांद हळूहळू वर सरकत होता. चिंचेची काळी कड जमिनीवरून पुढं आली. आधी हापशाची दांडी गेली, मग चौकोनाचा एक कोपरा. वर परातीची एक बाजू मावळली. खिरीची वाटी चाटणारं माणूससुद्धा मान वर करून बघू लागलं. दहाच्या सुमाराला परात पूर्ण विझली. बांबूचं टोकही नीट दिसेना.

"आता चांद डोईवरनं पलीकडं कलंडंस्तवर सावली हितंच ऱ्हाईल," सहादू म्हणाला. "पौषात दुपारचं दोन-तीन."

मग त्यानं बांबू उचलला आणि उत्तरेला चालू लागला. दहा पावलांवर थांबला. परात काळी. पंधरा पावलांवर कडेला एक रेघ चमकली. विसाव्या पावलाला सगळी परात पेटल्यासारखी झाली. भाऊसाहेबांनी खाली वाकून तिथं दगड ठेवला. वरच्या आळीतल्या एकानं घसा साफ केला, कारण आयता दिवा आपल्याकडं सरकला होता.

तेवढ्यात चांगुणाबाई पुढं आली.

"भाऊसायेब, दिव्याचं त्वांड कुनीकडं करायचं, ते बी कागदात हाय का?"

भाऊसाहेब खिसा चाचपू लागले.

"न्हाई," सहादू म्हणाला. "म्या दोनदा वाचलाय. त्वांडाचं एक अक्षर न्हाई त्यात."

"मग हापशाकडं करा."

"वा काकू! म्हंजे आमच्याकडं पाठ?" काकासाहेब म्हणाले.

"पाठीमागं बी थोडा पडतोच की उजेड. आन् हापशावर तुमच्या आळीतल्या बाया येत न्हाईत व्हय?"

काकासाहेबांनी आपल्या माणसांकडं पाहिलं. सगळ्यांच्या घरचं पाणी तिथूनच जायचं. "करा भाऊसाहेब," ते म्हणाले, "काकूचं म्हणणं लिहून घ्या."

दिवा बसला. पाऊस संपला, दिवाळी गेली, वस्तीतली अर्धी माणसं ऊसतोडीला गेली. पौष लागला. सकाळी दहाला जुन्या चौकोनावर चिंचेची सावली पसरलेली असायची आणि वीस पावलांवर प्लेट उन्हात असायची. सहादू रोज तिथून जाताना एकदा वर बघायचा.

एके दिवशी पहाटे चांगुणाबाई हंडा घेऊन आली. तो चुलीपुढं हात शेकत बसला होता.

"पोचतो का गं उजेड?"

तिनं हंडा उतरवला, वाकडं मनगट चोळलं.

"फिका हाय जरा," ती म्हणाली. मग चुलीत लाकूड सारत म्हणाली, "पर दगड दिसत्यात."